होल्ड काढा, शेड्यूल लावा: अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्यांसाठी थर्मोस्टॅटची ओळख

भारतातून येऊन अपार्टमेंटची किल्ली हातात पडली की पहिल्या आठवड्यात डिशवॉशर, ड्रायर, सिंकमधलं डिस्पोजल हे सगळं कुणी ना कुणी दाखवतं. हॉलच्या भिंतीवरचा छोटा पांढरा डबा, म्हणजे घर गरम-थंड ठेवणाऱ्या मशीनचा थर्मोस्टॅट, मात्र कुणी समजावून सांगत नाही. घरातली सगळ्यात जास्त वीज त्याच्याच हुकमाने खर्च होते. इथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे सरासरी अमेरिकन घराच्या ऊर्जेच्या खर्चातला जवळपास निम्मा भाग घर गरम आणि थंड ठेवण्यात जातो. फ्रीज, दिवे, टीव्ही, वॉशर हे सगळं उरलेल्या निम्म्यात.

मी नॉर्थ कॅरोलायनात रालेजवळ केरीला राहते. इथे जुलैत दुपारी पारा नव्वद फॅरनहाइटपर्यंत जातो, हवा आपल्या कोकणासारखी चिकट असते, आणि जानेवारीच्या रात्री पाणी गोठायला येतं. त्यामुळे थर्मोस्टॅटला वर्षभर काम असतं. आमच्या पहिल्या जानेवारीत दोन खोल्यांच्या अपार्टमेंटचं वीजबिल तीनशे डॉलरच्या वर आलं होतं. कारण नंतर कळलं: आम्ही राहायला येण्याआधीच कुणीतरी एक सेटिंग बदलून ठेवलं होतं, आणि ते बघायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या सेटिंगबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. तेव्हापासून ओळखीत कुणी नवीन आलं की मी त्यांच्या घरी गेल्यावर आधी थर्मोस्टॅट बघते.

आधी आकडे डोक्यात बसवा

इथे तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. सगळं कोष्टक पाठ करायची गरज नाही, पाच आकडे पुरतात. ५५ म्हणजे साधारण १३ सेल्सिअस, ६८ म्हणजे २०, ७२ म्हणजे २२, ७५ म्हणजे जवळजवळ २४, आणि ७८ म्हणजे साडेपंचवीस. भारतात जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू केल्यावर २४ अंशांवरच येतात, तशी ऊर्जा दक्षता ब्युरोची सक्तीच आहे. म्हणजे भारतातला तो २४ इथला ७५. अमेरिकन ऑफिसात ७० चा गारठा सोसून घरी आलात तर घरही तसंच हवं असं वाटायला लागतं. तसं काही नाही. पंख्याखाली झोपायची सवय असलेल्या माणसाला ७८ अगदी आरामाचं आहे.

थर्मोस्टॅट नेमकं काय करतो

आपण त्याला पंख्याच्या रेग्युलेटरसारखं वापरतो: गरम होतंय, खाली करा; थंडी वाजतेय, वर करा. प्रत्यक्षात तो चालू-बंद करणारा स्विच आहे. घराचं तापमान ठरवलेल्या आकड्यापासून सरकलं की मशीन चालू, आकडा गाठला की बंद. बहुतेक घरांत मशीनची ताकद ठरलेली असते. म्हणून बाहेरून तापून आलात आणि ६५ लावलंत तरी घर लवकर थंड होत नाही. ७६ यायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो. फरक एवढाच, की ७६ ला मशीन थांबलं असतं ते ६५ साठी चालत राहतं आणि तुम्ही रात्री दुलई शोधता.

दुसरा गैरसमज याहून पक्का आहे, आणि तो शिकलेसवरलेले लोकही सांगतात: "बाहेर जाताना एसी बंद करू नका, परत घर थंड करायला जास्त वीज लागते." हे खरं नाही. घरात उष्णता किती शिरते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. घर दिवसभर थोडं गरम राहू दिलं तर फरक कमी, म्हणून शिरणारी उष्णता कमी, म्हणून संध्याकाळी बाहेर काढायची उष्णताही कमी. या बोलण्याला एक खरा अपवाद आहे, तो हिवाळ्यातल्या हीट पंपाचा. त्यावर येतेच.

पायरी १: तुमच्याकडे कोणतं मशीन आहे ते ओळखा

हे केल्याशिवाय पुढचे आकडे लावू नका. थंडीच्या दिवसात हीट चालू असताना बाहेर जाऊन एसीचं युनिट बघा. पंखा फिरतोय? मग तो हीट पंप आहे, म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरची उष्णता ओढून आत आणतो. बाहेरचं युनिट गप्प आहे आणि घराला गॅसचं वेगळं बिल येतं, तर बहुधा गॅसची भट्टी, म्हणजे फर्नेस. बाहेर शांत आणि गॅसही नाही, तर विजेच्या कॉइलची भट्टी. खात्री नसेल तर लीझिंग ऑफिसला सरळ विचारा, "आमचं हीटिंग कशावर चालतं?" भिंतीच्या तळाशी लांबट हीटर बसवलेले असतील आणि प्रत्येक खोलीत वेगळा थर्मोस्टॅट असेल, तर ते बहुतेक वेळा थेट २४० व्होल्टवर चालतं. तिथे झाकण उघडून स्वतः काही करू नका. नेहमीच्या सेंट्रल सिस्टिमच्या थर्मोस्टॅटच्या तारांत फक्त २४ व्होल्ट असतात.

पायरी २: दोन बटणं तपासा

पहिलं बटण सिस्टिमचं: हीट, ऑफ, कूल, आणि काहींवर ऑटो. हीट पंप असेल तर आणखी एक जागा असते, ईएम हीट, म्हणजे इमर्जन्सी हीट. आमच्या त्या तीनशे डॉलरच्या बिलामागे हेच होतं. बटण ईएम हीटवर होतं.

ईएम हीटवर हीट पंप पूर्ण बंद होतो आणि आतल्या मशीनमधल्या विजेच्या पट्ट्या तापतात, आपल्या बादलीतल्या हीटरच्या रॉडसारख्या. या पट्ट्या साधारण ५, १० किंवा १५ किलोवॅटच्या असतात. १० किलोवॅटची पट्टी तासभर चालली की १० युनिट, म्हणजे इथल्या बिलावरचे १० किलोवॅट-अवर (kWh). रोज सहा तास धरले तर महिन्याला १८०० युनिट. युनिटला १३ सेंट धरले तर २३४ डॉलर. तेवढीच ऊब हीट पंप अडीच पट कार्यक्षमतेने देत असेल तर ७२० युनिट लागतात, म्हणजे ९४ डॉलर. एका बटणापायी महिन्याला १४० डॉलर. घर अगदी छान गरम असतं, त्यामुळे बिल येईपर्यंत काही चुकलंय असं वाटतही नाही. ईएम हीट हे हीट पंप खरंच बिघडला असेल आणि मेंटेनन्सवाला यायचा असेल, तेवढ्या वेळापुरतं आहे.

दुसरं बटण पंख्याचं: ऑटो आणि ऑन. ऑटोवर ठेवा. ऑनवर ठेवलं तर मशीन बंद असतानाही आतला पंखा अखंड फिरतो. शिवाय दमट उन्हाळ्यात थंड कॉइलवर जमलेलं पाणी तो पुन्हा हवेत सोडतो. घर ७६ असूनही अंग चिकचिकतं आणि आपण आकडा आणखी खाली नेतो.

पायरी ३: घड्याळ आणि वार

शेड्यूल घड्याळावर चालतं. नव्या घरातल्या थर्मोस्टॅटचं घड्याळ चुकलेलं असणं अगदी नेहमीचं. बॅटरी बदलताना ते बारावर गेलेलं असतं आणि पुन्हा कुणी लावत नाही. वेळ लावा, सकाळ-संध्याकाळ बघून घ्या, वार लावा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. वायफाय नसलेल्या मॉडेलमध्ये हा बदल बहुधा हाताने करावा लागतो. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह लुकलुकत असेल तर त्याच दिवशी बॅटरी बदला. बऱ्याच मॉडेलना दोन डबल-ए लागतात. त्या भर जानेवारीत संपल्या तर हीट बंद पडू शकते.

पायरी ४: दिवसाचे चार तुकडे

जवळपास सगळ्या प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटमध्ये दिवसाचे चार भाग असतात: वेक, लीव्ह, रिटर्न आणि स्लीप. उठणं, बाहेर पडणं, परत येणं, झोपणं. काही मॉडेल सोमवार ते शुक्रवार एक आणि शनिवार-रविवार दुसरं अशी विभागणी करतात, काही सातही दिवस वेगळे लावू देतात.

शेड्यूल किंवा प्रोग्राम असं लिहिलेलं बटण दाबा. वेकची वेळ लुकलुकते. ती लावा, पुढे जा, तापमान लावा, पुढे जा. असे चारही भाग झाले की डन, आणि मग रन. एक गोष्ट नवीन माणूस हमखास विसरतो: कूलचं शेड्यूल वेगळं आणि हीटचं वेगळं असतं. सिस्टिम कूलवर असताना लावलेले आकडे हीटला लागू होत नाहीत. दोन्ही मोडमध्ये जाऊन दोनदा लावावं लागतं.

आकडे कोणते? एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाने पूर्वी प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटसाठी जे मूळ शेड्यूल ठरवलं होतं, ते अजून बऱ्याच डब्यांत तयार भरलेलं सापडतं. सकाळी ६ ला हीट ७०, कूल ७८. सकाळी ८ ला हीट ६२, कूल ८५. संध्याकाळी ६ ला पुन्हा ७० आणि ७८. रात्री १० ला हीट ६२, कूल ८२. हे आकडे सुरुवात म्हणून ठीक आहेत, पण माझ्या मते आपल्या घरांना तसेच्या तसे चालत नाहीत. रात्री ८२ ला दमट हवेत लहान मुलं झोपत नाहीत. दिवसभर ८५ ठेवलं तर ओल वाढते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते. आमच्याकडे उन्हाळ्यात उठल्यापासून ७७, घर रिकामं असताना ८२, संध्याकाळी साडेपाचपासून ७७ आणि रात्री ७८ असतं, डोक्यावर पंखा. सीलिंग फॅन असेल तर थर्मोस्टॅट चार अंशांपर्यंत वर ठेवूनही तितकंच बरं वाटतं, असं इथलं ऊर्जा खातं सांगतं. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून खोलीतून बाहेर पडताना तो बंद करा.

गॅसची किंवा विजेच्या कॉइलची भट्टी असेल तर हिवाळ्यात जागेपणी ६८, घर रिकामं असताना आणि झोपेत ६२. ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणे रोज आठ तास नेहमीच्या आकड्यापासून ७ ते १० अंश सरकवले तर हीटिंग-कूलिंगच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. तुमचं बिल दोनशे डॉलर असेल आणि त्यातले शंभर हीटिंग-कूलिंगचे, तर महिन्याला दहा डॉलर. आकडा लहान आहे, पण एकदा बसून वीस मिनिटं दिली की दर महिन्याला मिळतो.

पायरी ५: होल्ड

सगळं लावून झालं आणि स्क्रीनवर होल्ड हा शब्द दिसतोय, तर तुमचं शेड्यूल चालूच नाही. होल्ड म्हणजे "शेड्यूल बाजूला ठेव, मी सांगितलेला आकडाच धर." लोक एकदा होल्ड दाबतात आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. याचा पुरावा सरकारी निर्णयात आहे. प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटला मिळणारा एनर्जी स्टारचा शिक्का २००९ च्या अखेरीस काढून घेण्यात आला, कारण घराघरांत प्रत्यक्ष बचत दिसत नव्हती. यंत्रं ठीक होती, पण लोक ती प्रोग्राम करत नव्हते किंवा होल्डवर ठेवत होते.

पाहुणे आले, एका संध्याकाळपुरतं ७५ हवंय, तर फक्त खालचा-वरचा बाण दाबा. तो तात्पुरता बदल असतो आणि शेड्यूलचा पुढचा भाग सुरू झाला की आपोआप पुसला जातो. होल्डला हात लावू नका. चुकून लागला तर रन दाबा. शेड्यूल लावल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आणि रात्री झोपताना एकेकदा स्क्रीन बघा: ठरवलेला आकडा दिसतोय ना? एवढी एक तपासणी पुरते.

हीट पंपवाल्यांसाठी हिवाळा वेगळा

हीट पंपाच्या मदतीला ईएम हीटच्या त्याच विजेच्या पट्ट्या असतात. घराचं तापमान आणि मागितलेला आकडा यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला की त्या आपोआप चालू होतात आणि स्क्रीनवर ऑक्स हीट, म्हणजे ऑक्झिलरी किंवा मदतीची हीट, असं दिसतं. रात्री ६० केलंत आणि सकाळी सहाला ६८ मागितलंत, तर घर वर आणायला पट्ट्या पेटतात आणि रात्रभर वाचवलेलं सकाळच्या तासाभरात जातं. म्हणून हिवाळ्यात हीट पंप असेल तर फरक लहान ठेवा. आमच्याकडे जागेपणी ६८ आणि रात्री ६५ असतं. हातानेही एकदम पाच-सहा अंश वाढवू नका, एकेक अंश चढवा. थर्मोस्टॅटमध्ये 'अर्ली स्टार्ट' किंवा 'अ‍ॅडॅप्टिव्ह रिकव्हरी' असं काही असेल तर ते चालू करा. मग तो सहाच्या आधीपासून हळूहळू घर वर आणतो. उन्हाळ्यात ही अडचण नाही, थंड करायला पट्ट्या नसतातच.

आणखी दोन गोष्टींनी नवीन लोक घाबरतात. हीट पंपाची हवा खोलीत येते त्या जाळीपाशी हात धरला तर कोमट लागते, गॅसच्या भट्टीसारखी कडक नाही. मशीन बिघडलंय असं वाटून लोक आकडा ८० वर नेतात आणि पट्ट्या पेटतात. दुसरं म्हणजे, थंडीच्या सकाळी बाहेरच्या युनिटमधून पांढरा धूर निघताना दिसतो. ती वाफ असते. कॉइलवर साचलेलं हिम वितळवायला मशीन थोडा वेळ उलटं चालतं, त्या वेळी ऑक्स हीटही दिसतं. काही मिनिटांत आपोआप थांबतं. कडाक्याच्या थंडीत ऑक्स हीट अधूनमधून दिसणारच. एरवी सौम्य दिवशी तासन्‌तास दिसत असेल तर मात्र मेंटेनन्सला कळवा.

घरात दिवसभर कुणी असेल तर

नव्याने आलेल्या पुष्कळ मराठी घरांत एकाला अजून कामाची परवानगी नसते, किंवा दोघांपैकी एक घरूनच काम करतो. मग लीव्हचा भाग कशाला? घरात माणूस आहे आणि कुठला तरी तक्ता म्हणतो म्हणून त्याने ८२ मध्ये घामाघूम बसावं, असं मी कुणाला सांगणार नाही. लीव्हचा आकडा एक-दोन अंशच सरकवा, ज्या खोलीत बसता तिथला पंखा लावा, दुपारी पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे ओढा. भात-वरणाचे कुकर, पोळ्या, ओव्हन हे उन्हाळ्यात सकाळी उरकता आलं तर उरका; कुकरची वाफ आणि तव्याची धग एसीलाच बाहेर काढावी लागते.

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले की त्यांना ६८ थंड वाटतं. ते मुद्दाम सांगत नाहीत, शाल गुंडाळून बसतात. वयस्कर माणसांचं शरीर ऊब धरून ठेवत नाही, म्हणून ते असताना हिवाळ्यात ६८ च्या खाली रात्रीसुद्धा जाऊ नका; ७० ठेवा. तान्ह्या बाळाच्या घरीही डॉक्टरांना विचारून आकडा ठरवा. बचत नंतर करता येते.

थर्मोस्टॅट कुठे आहे ते बघा

माझ्या एका मैत्रिणीकडे हॉलमध्ये एसी थांबायचंच नाही. बेडरूम गारठलेल्या, तरी मशीन चालू. जाऊन बघितलं तर देवघराचं कपाट बरोबर थर्मोस्टॅटखाली ठेवलेलं, आणि श्रावण म्हणून समई सकाळ-संध्याकाळ तेवत होती. वर चढणारी ऊब थर्मोस्टॅटला लागायची आणि त्याला सगळं घरच तापलंय असं वाटायचं. देवघर समोरच्या भिंतीला नेलं, प्रश्न संपला. टेबललॅम्प, टीव्ही, थेट येणारं ऊन यांचंही तसंच. न वापरलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून बचत होईल असं वाटतं, पण डक्टमधला, म्हणजे हवा खोल्यांत नेणाऱ्या नळ्यांतला, दाब वाढून मशीनलाच त्रास होतो. त्या उघड्या राहू द्या, पुढ्यातला सोफा सरकवा.

फिल्टरचं लक्षात ठेवा. भिंतीतल्या किंवा छतातल्या मोठ्या जाळीमागे पुठ्ठ्याच्या चौकटीचा फिल्टर असतो, चौकटीवर माप छापलेलं असतं. एक ते तीन महिन्यांनी बदला. आपल्या फोडणीचा तेलकट धूर त्यावर बसतो, म्हणून स्वयंपाक रोजचा असेल तर मी दोन महिन्यांच्या पुढे जाऊ देत नाही. फिल्टर उजेडासमोर धरला आणि पलीकडचं दिसेना, तर तो गेला.

बिल वाचताना

डॉलर बघू नका, युनिट बघा, दर बदलतात. आणि मागच्या महिन्याशी ताडून पाहू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी पाहा. बहुतेक बिलांवर तसा आलेख असतो आणि महिन्याचं सरासरी तापमानही असतं. नवीन आहात, तर पहिल्या वर्षी रोजचा वापर वीज कंपनीच्या अ‍ॅपवर बघा. ज्या दिवशी रेषा एकदम उडी मारते, त्या दिवशी काय केलं होतं ते आठवा. तुमचा दर वेळेप्रमाणे बदलणारा असेल, तर उन्हाळ्यात महाग तास सुरू व्हायच्या आधी घर दोन अंश जास्त थंड करून ठेवा आणि महाग तासांत आकडा वर जाऊ द्या. हेही शेड्यूलमध्येच बसवता येतं.

डिसेंबरात भारतात जाताना

तीन-चार आठवड्यांसाठी निघताना थर्मोस्टॅट ऑफ करावासा वाटतो. हिवाळ्यात ऑफ करू नका. पाणी गोठून पाइप फुटला तर नुकसान हजारांत जातं. हीटवर ५५ लावा, आणि या एकाच वेळी होल्ड दाबा. बॅटऱ्या नव्या घाला. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे घरातली ऊब पाइपपर्यंत पोचते. किल्ली शेजारी कुणाकडे तरी द्या आणि थंडीची लाट आली तर एकदा डोकावून यायला सांगा. परत आल्यावर एकदम ६८ मागू नका: ५७, मग ५९, असं दोन-दोन अंशांनी चढवत न्या, तोवर जॅकेट अंगावरच राहू द्या. मग रन दाबा.